चश्मदीद पेशकार

आमच्या तहसिलीचे पेशकार मुनीरसाहेब परटाला सलाम करीत. कपडे धुणाऱ्या परटाला केला असता तर मी समजू शकलो असतो, कारण त्यांच्या एकुलत्या एका शेरवानीची अब्रू त्याच्याच हाती होती. पण हा परीट म्हणजे थंडीच्या तोंडाला येणारा, काळा-पांढरा, चिमणीएवढा, शेपटी सारखी खालीवर हलवणारा पक्षी. कार्तिकात एके दिवशी तो कचेरीच्या आवारात, घोड्यांच्या पाण्याने ओल आलेल्या जागी येऊन उतरे. मुनीरसाहेब हातातली मिसल, म्हणजे कामाच्या कागदांची फाईल, बाजूला ठेवीत, शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावीत, व्हरांड्याच्या पायरीशी जात आणि कमरेत वाकून त्या मूठभर जिवाला आदाब करीत. मग आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "पंतजी, परीटसाहेब तशरीफ आणले बरं का. तब्येत जरा उतरल्यागत दिसते. सफर लई लांबचा ना."

खुद्द तहसीलदारांची तब्येत त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

मी त्याच कचेरीत मोहर्रिर, म्हणजे साधा कारकून. राज्य निजामाचे, कारभार उर्दूत, माझे घर भिक्षुकाचे आणि पोट मात्र सरकारी. त्यामुळे सकाळी संध्या आणि दुपारी उर्दूची ती घाईची, मोडकी शिकस्ता लिपी, असा माझा दिवस जाई. पेशकाराचे काम तहसीलदारांपुढे कागद पेश करण्याचे. त्यांची गादी माझ्या गादीला लागून होती, एवढाच माझा गुन्हा. नऊ वर्षे मी त्यांचे पक्षी ऐकले. माझे पक्ष्यांशी वैर नाही आणि सख्यही नाही. कावळा श्राद्धाला लागतो, पोपट शेजाऱ्याकडे असतो आणि चिमण्या देवघरात घाण करतात, एवढ्या ज्ञानावर माझे वय सुखाने चाळिशीला आले होते.

मुनीरसाहेबांना मात्र पक्षी कधी नुसता दिसत नसे. त्यांची त्याच्याशी 'मुलाखत' होई. पक्षी उडून गेला तर तो 'रवाना' होई. तळ्याकाठी मान आखडून बसलेली ढोकरी ही त्यांच्या मते मुखबीर, म्हणजे सरकारी खबरी होती, टिटवी चौकीदार होती आणि ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्या म्हणजे वसुलीला आलेली पलटण. आम्हा माणसांचा उल्लेख ते एकवचनात करीत आणि पाखरांचा अनेकवचनात. एकदा मी चिडून म्हणालो, "मुनीरसाब, मी इथे नऊ वर्षे बसलोय, मला कधी 'तशरीफ आणली' म्हणाला नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "तुमी रोज येता, पंतजी."

त्यांच्याजवळ एक पितळी दुर्बीण होती. तिची पुढची काच कधीच पडून गेलेली होती, म्हणजे ती दुर्बीण नव्हती, नळकांडे होते. ते डोळ्याला लावून मुनीरसाहेब आभाळ न्याहाळीत. काच का बसवून घेत नाही, असे विचारले तर म्हणत, "काच असली की पाखरू उगंच जवळ येतं. त्याला आपलं लांबच राहायचं असतं. त्याची मर्जी." आता अशा माणसाशी काय बोलायचे! घरी विचारणारे कोणी नव्हते, म्हणून हे सारे चोचले चालत. बेगमसाहेबा बारा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मूलबाळ नव्हते. गावाबाहेर पिराच्या दर्ग्यामागे त्यांचे दोन खणांचे घर होते, घराच्या एका अंगाला कबरस्तान आणि दुसऱ्या अंगाला पिराचे तळे. बेगमची कबर घराच्या पायरीवरून दिसे. जिल्ह्याच्या कचेरीत बढती मिळत होती, ती त्यांनी या घरापायी नाकारली. बढती नाकारणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता, आणि पाहिला तेव्हा तो हातात नळकांडे घेऊन उभा होता.

एवढ्यावर भागले असते तर मी हा माणूस केव्हाच विसरलो असतो. पण पाखरे ही मुनीरसाहेबांची नुसती हौस नव्हती, ती त्यांची सरकारी कामगिरी होती. मागे कोणी एक शिकारी तहसीलदार होऊन गेले. त्यांनी हुकूम काढून ठेवला होता की दर हिवाळ्यात कुलंग आले की पेशकाराने जिल्ह्याला रपट करावी, त्यात तारीख, ठिकाण आणि तादाद, म्हणजे संख्या, नमूद करावी, म्हणजे मोठ्या साहेबांना बंदूक घेऊन येणे सोयीचे होईल. कुलंग म्हणजे आपले कांड्या करकोचे. राखी अंगाचे, लांब मानेचे, मार्गशीर्षात थव्याने येऊन हरभऱ्यात उतरणारे. चवीला ते उत्तम असतात, असे खाणारे सांगत. तहसीलदार गेले, त्यांच्यानंतर तिघे आले, पण हुकूम तसाच राहिला. सरकारात माणसे बदलतात, हुकूम बदलत नाहीत.

आणि मी छातीठोकपणे सांगतो, माझ्या नऊ वर्षांत मुनीरसाहेबांची एकही रपट खरी निघाली नाही. एक म्हणजे एकही नाही! ते लिहीत, "राजाच्या तलावावर कुलंग, तादाद तीनशे." साहेब तंबू घेऊन येत, आणि राजाच्या तलावावर दोन म्हशी आणि एक धुणे धुणारी बाई. पुढच्या वर्षी लिहीत, "माळावरच्या कुरणात, तादाद सव्वाशे." साहेब माळावर जात आणि बुटांत कुसळे घेऊन परत येत. जंगलखात्याचे एक साहेब तर त्यांच्या भरवशावर अख्खी सकाळ गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि पंधरा दिवस खोकत होते. प्रत्येक वेळी मुनीरसाहेब छातीवर हात ठेवून म्हणत, "हुजूर, चश्मदीद आहे! माझ्या या डोळ्यांनी पाहिले. हुजूर यायच्या घटकाभर आधी रवाना झाले." हा 'चश्मदीद' शब्द आम्ही कचेरीत इतका उचलला की चहात साखर टाकलीस का, या प्रश्नालाही चपराशी "चश्मदीद" म्हणू लागला.

पलंगांची गोष्ट तर सगळ्यांवर कडी करणारी. एके वर्षी त्यांनी रपट लिहिली ती अशी शिकस्ता, की लिहिणाऱ्यालाच वाचता येऊ नये. उर्दूत कुलंग आणि पलंग यांच्यात पहिल्याच अक्षराचा काय तो फरक. यांच्या काफाची वरची रेघ पुसट पडली, खाली शाईचे शिंतोडे उडाले, आणि जिल्ह्याच्या मुन्शीने वाचले, 'तळ्याकाठी दोनशे पलंग मौजूद आहेत.' बरे झाले त्या मुन्शीला फारसी येत नव्हती, कारण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. पण झाले ते काही कमी नव्हते. आठ दिवसांनी हुकूम आला की तुमच्या तालुक्यात दोनशे पलंग विनाकारण उघड्यावर पडून असल्याचे कळते, तरी तुळजापुरात पौषातल्या नवरात्राच्या बंदोबस्ताला ते ताबडतोब रवाना करावेत. तहसीलदारांना घाम फुटला. 'आमच्या पेशकाराने पाखरे लिहिली होती' असे वर कळवायची कोणाची छाती? शेवटी गावोगाव माणसे धाडून लोकांच्या बाजा उचलल्या. सुतळीच्या, तुटक्या, ढेकणांसकट दोनशे बाजा बैलगाड्यांतून तुळजापूरला गेल्या. अख्खा तालुका महिनाभर जमिनीवर झोपला आणि मुनीरसाहेबांचे नाव घेऊन कूस बदलत राहिला. माझीही बाज त्यात गेली होती. ती परत आली तेव्हा तिचे तीनच पाय उरले होते.

तर अशा या माणसावर त्या वर्षी बालंट आले. नवे अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे साहेब, हैदराबादहून आले होते. त्यांच्या तीन पाहुण्यांना कुलंग खायचे होते, त्यांना स्वतःला मारायचे होते. आमच्या तहसीलदारांनी मुनीरसाहेबांना सगळ्या कचेरीदेखत उभे केले. म्हणाले, "मुनीरमियां, इस बार बड़े साब खाली हात गये, तो तुम्हारा तबादला आदिलाबाद. लिख के रखो." आदिलाबाद म्हणजे राज्याचे दुसरे टोक, जंगल, हिवताप आणि तेलुगू. ते घर, ती पायरी आणि तिच्यावरून दिसणारी कबर, सगळे सुटणार. मुनीरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटले, चला, आता तरी हा माणूस ते नळकांडे फेकून नीट डोळे उघडील.

त्यांनी दोन दिवस घेतले आणि रपट दिली: 'राजाचा तलाव. तादाद अडीचशे. चश्मदीद.' मी कपाळावर हात मारला.

मार्गशीर्षातली ती सकाळ अशी गार होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. उजाडायच्या आत साहेब, त्यांचे तीन पाहुणे, आमचे तहसीलदार आणि मुनीरसाहेब राजाच्या तलावावरच्या पाणकणसांत जाऊन बसले. पाखरे उठवायला तहसीलदारांनी तेरखेड्याहून एक दारूकामवाला बोलावला होता. त्याने बार लावला, पण रात्रीच्या दवाने दारू सर्दाळली होती. बार 'फुस्स' म्हणाला आणि वात तेवढी जळून गेली. मी तेव्हा तिथे नव्हतो. मी मागाहून न्याहारी घेऊन निघालो होतो. पण नंतर त्या सकाळच्या कामगिरीची कैफियत मलाच लिहावी लागली, म्हणून काय काय दिसले ते मला तोंडपाठ आहे. परीट एक. टिटव्या दोन, दोन्ही ओरडत असलेल्या. खंड्या एक, त्याने साहेबांच्या डोळ्यांदेखत मासा मारला आणि साहेबांना काही मारता आले नाही. पाणकावळे चार, पंख वाळत घालून बसलेले. बाकी धुके.

मी सखाच्या बैलगाडीतून निघालो होतो. सखा हा दर्ग्याकडच्या वस्तीवरचा शेतकरी, सरकारी बेगारीला गाडी घेऊन आलेला. मोठा रस्ता चिखलाचा, म्हणून त्याने गाडी दर्ग्यामागच्या वाटेला घातली. दहा वाजले असतील. धुके नुकते उठत होते. कबरस्तानाच्या भिंतीला वळसा घालून आम्ही पिराच्या तळ्याशी आलो, आणि मी सखाच्या पाठीत बुक्की मारून गाडी थांबवली.

तळे राखी झाले होते. काठापासून मधल्या उथळ पाण्यापर्यंत करकोचेच करकोचे उभे होते, गुडघाभर पाण्यात, पहाटेचे चरून येऊन पाणी पीत, पिसे साफ करीत. आणखी वरून उतरत होते, लांब पाय खाली सोडून, आणि तो त्यांचा घशातला गोड करकराट चालला होता. मी पक्षी पाहणारा माणूस नव्हे. पण खरे सांगतो, मी डब्यातल्या गरम पुऱ्या विसरलो.

"अरे, हे कुलंग!" मी म्हणालो.

"व्हय की," सखा म्हणाला. "दरसाल येतेत. तुमास्नी ठाव न्हाय?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"समद्या वस्तीला ठाव हाय जी. पेशकारसाबानं हात जोडून सांगितलंय, कुनाला बोलू नगा म्हनून."

"आणि तुम्ही ऐकलंत? तुमचा हरभरा खातात ना ही पाखरं?"

"खात्यात की. पर सायब आलं म्हंजी कोंबडी खात्यात, अंडी खात्यात, दूध पित्यात, वर बेगारीला गाडी धरत्यात." त्याने माझ्याकडे आणि मग बैलांकडे पाहिले. "पाखरं निस्ता हरभरा खात्यात."

मला त्याचा राग आला. सगळ्या वस्तीला ठाऊक, गाडीवानाला ठाऊक, आणि नऊ वर्षे शेजारच्या गादीवर बसणाऱ्या मला ठाऊक नाही! पण रागापेक्षा आनंद मोठा होता. साहेबांना पाखरे दाखवणारा माणूस आता मी होणार होतो. मुनीरसाहेबांची बदली टळणार होती आणि जन्मभर त्यांना टोमणे मारायची सोय होणार होती. मी सखाला बैल पळवायला लावले.

राजाच्या तलावावर पोहोचलो तेव्हा साहेब मंडळी शेकोटीभोवती बसली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. मुनीरसाहेब दूर बांधावर एकटेच उभे होते, नळकांडे डोळ्याला लावून. मी डबे शेकोटीपाशी ठेवले आणि आधी त्यांच्याकडे गेलो. तोंडावर उपहास करायची संधी मी कशी सोडीन?

"मुनीरसाब," मी म्हणालो, "तुमचे पाहुणे तुमच्या घरामागे पाय धुतायत, आणि तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला इथे काकडत बसवलंय! काय ते तुमचे डोळे! वाहवा!"

त्यांनी नळकांडे खाली घेतले. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"किती होते?" त्यांनी विचारले.

"शे-दीडशे तरी असतील."

"एकशे सत्त्याऐंशी," ते हळूच म्हणाले. "काल फजरची नमाज झाल्यावर मोजून आलो."

तीन पायांची बाज, खोकणारे साहेब, कुसळे भरलेले बूट, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. नऊ वर्षे मी ज्याला आंधळा समजून हसलो तो एकेक पाखरू मोजत होता.

"मग 'आले नाहीत' असं लिहायचं होतं," मी म्हणालो. "खोटी जागा कशाला?"

"न्हाई म्हटलं तर हुकूम निघंल, शोधा म्हणून. चार शिपाई सुटतील अन् दुपारपर्यंत तळं सापडंल. चुकीचं सांगितलं की एक दिवस वाया जातो, साहेब मला शिव्या देतो अन् घरी जातो. एक साल निघून जातं." हे त्यांनी एखाद्या मिसलीचा मजकूर सांगावा तसे सांगितले. मग त्यांनी नळकांडे शेरवानीच्या बाहीला पुसले.

"बेगम गेल्या ना, त्या साली म्या खरी रपट दिली होती, पंतजी. तवा ही अक्कल नव्हती. हुकूम झाला, म्या ठिकाण लिहिलं. साहेबलोक आले, दोन टांगे भरून पाखरं घेऊन गेले. एक मागं राहिला. त्याची जोडीदारीण टांग्यात गेली होती. तो अकरा दिवस तळ्यावर फिरत होता अन् ओरडत होता. खायचा न्हाई, प्यायचा न्हाई. माझ्या खिडकीतनं समदं ऐकू यायचं." त्यांनी शेरवानीची वरची गुंडी लावली. "मला तीन दिवसांची रजा मंजूर झाली होती. चौथ्या दिवशी म्या कचेरीत बसून मिसली पेश करत होतो. कुणाला काय कळलं बी न्हाई. मग संध्याकाळी घरी जाऊन त्याचं ऐकत बसायचो. माझ्या वाटचं बी त्यानंच रडून घेतलं, पंतजी."

थंडी होती, पण माझे कान तापले होते. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटायची मला सवय नव्हती.

"पण आदिलाबाद!" मी शेवटी म्हणालो. "तुमचं घर सुटेल. बेगमसाहेबांची कबर तिथे आहे. मी आत्ता जाऊन सांगतो, अजून वेळ आहे, तुमची बदली टळेल."

"टळंल ना," ते म्हणाले. "अन् टांगे भरतील." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी चश्मदीद आहात. तुमाला जे सांगायचं ते सांगा. म्या रोकणार न्हाई."

शेकोटीकडून तहसीलदारांनी हाक मारली. मी गेलो. अव्वल तालुकदार पुरी खात होते, त्यांचे नाक लाल झाले होते. तहसीलदारांनी जरा आशेने, जरा दरडावून विचारले, "क्यों पंतजी, दर्गे की तरफ़ से आये ना? रस्ते में कुछ दिखा?"

माझ्या आयुष्यात मी सरकारशी कधी खोटे बोललो नव्हतो. प्रामाणिकपणामुळे नव्हे, भीतीमुळे. सखा बैलांच्या जुवाची शिवळ सोडत होता, त्याचा हात तसाच थांबला. बांधावर मुनीरसाहेब पाठमोरे उभे होते.

"एक परीट दिसला, हुजूर," मी म्हणालो.

आठ दिवसांत तबादल्याचा हुकूम आला. ढोकीच्या स्टेशनावर छोट्या गाडीत त्यांना बसवून द्यायला मी गेलो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि ते नळकांडे. सहीशिक्क्याचा चार्ज त्यांनी कचेरीत दिला होता, खरा चार्ज त्यांनी मला फलाटावर दिला. "राजाचा तलाव आता दोन-तीन सालं वापरू नका. लोकांना शक येतो. पुढच्या साली माळावरचं कुरण सांगा. त्याच्या पुढं वाघोबाच्या दरीतला पाझर सांगा, तिथनं परत यायला दिवस मोडतो. तादाद नेहमी मोठी लिहा. लहान तादाद लिहिली की साहेब येत न्हाई, दुसऱ्याला विचारतो." मी मान डोलावत होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून आदाब केला. मी आयुष्यात पहिल्यांदा कमरेत वाकलो.

पेशकारी माझ्याकडे आली, आणि रपटही. पुढे राज्य बदलले, निशाण बदलले, उर्दू जाऊन मराठी आली. बंदुका त्याच राहिल्या. नव्या साहेबांनीही पहिल्याच हिवाळ्यात विचारले, करकोचे कुठे उतरतात? मी छातीवर हात ठेवून जागा सांगितली. ते गेले, दिवसभर काकडले आणि रिकाम्या हातांनी परत आले. पक्ष्यांतले ओ की ठो न कळणारा माणूस म्हणून आता तालुक्यात माझे नाव घेतात. शेजारच्या गादीवरचा नवा कारकून मला पाहिले की तोंडाला रुमाल लावून हसतो. हसू दे बापडा. मला थंडी सोसत नाही, चिखल सोसत नाही, आणि पाखरांत काय पाहायचे असते ते मला अजूनही उमगलेले नाही.

दर मार्गशीर्षात आदिलाबादहून एक कार्ड येई. ख्यालीखुशाली नाही, स्वतःच्या तब्येतीचा शब्द नाही. सुवाच्य उर्दूत मजकूर एकच: 'तादाद?' मग मला पहाटे उठून, कानाला मफलर गुंडाळून, दर्ग्यामागे जावे लागे. कबरीवरचा पालापाचोळा हाताने बाजूला करायचा, बोटे मोडत मोजायचे आणि घरी येऊन उत्तराचे कार्ड टाकायचे. ही कटकट मी सात वर्षे केली.

या वर्षी मार्गशीर्ष संपत आला तरी कार्ड आले नाही. पोस्टमनला मी तीनदा विचारले. आज सकाळी मी तरीही जाऊन मोजून आलो. दोनशे चार आहेत. कोणाला कळवायचे ते कळत नाही.